नव्वद ग्रॅमचा पक्षी आणि स्वयंपाकघरातला काटा

सांगली-साताऱ्यात पक्ष्यांच्या दुकानात त्याला सगळे ‘कॉकटेल’ म्हणतात. खरं नाव कॉकटिएल, पोपटाच्या जातकुळीतला पक्षी. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका, शेपटीसकट लांबी ३० ते ३३ सेंटिमीटर, आणि वजन फक्त ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे दोन लिंबांएवढं. नवीन पाळणारे पिंजऱ्यावर आणि खेळण्यांवर हौसेने पैसे घालतात. पण या पक्ष्याचा जीव वाचवणारी वस्तू तिसरीच आहे: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा.

कॉकटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, थव्याने पाण्यामागे भटकणारा. थव्यातला अशक्त पक्षी शिकारी पक्ष्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून आजार लपवणं त्याच्या अंगातच आहे. ताप, जंतुसंसर्ग, उपास, काहीही असो, तो दांडीवर ऐटीत बसून राहतो. पिसं फुगलेली असल्याने बारीक झालेली छाती दिसत नाही. तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, की समजावं, आजार आज सुरू झालेला नाही; तो लपवण्याची ताकद आज संपली आहे. काट्यावर मात्र ही घट आठवडाभर आधी दिसते.

वजन सकाळी करावं. रात्रीची साठलेली मोठी विष्ठा टाकून झाली की, आणि दाण्याला चोच लावण्याआधी. काट्यावर लाकडी दांडीचा छोटा स्टँड ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पक्ष्याला त्यावर चढवायचं. दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात आकडा टिपला तरी चालतं. रोजचा दोन-तीन ग्रॅमचा फरक सोडून द्या. ९० ग्रॅमचा पक्षी ८५ वर आला आणि तिथेच राहिला, तर खाणं आणि विष्ठा तपासा. ८१ वर आला, म्हणजे दहा टक्के गेले. आता घरगुती उपाय नकोत, डॉक्टर.

वजन घटण्याचं एक कारण हास्यास्पद वाटेल. कॉकटिएल दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, आत नुसता भुसा असतो, आणि घरचे समजतात की खाणं आहे. रोज फुंकर मारून टरफलं उडवा, मग उरलेला दाणा मोजा. दिवसाला साधारण १५ ग्रॅम कोरडा खुराक पुरतो.

आता खुराक काय? दुकानातल्या मिश्रणात कांगणी (म्हणजे आपला राळा), बाजरी आणि बरंच सूर्यफूल असतं. पक्षी सूर्यफूल आधी वेचतो, कारण त्यात तेल जास्त. वर्षानुवर्षं हेच मिळालं तर यकृतात चरबी साठते, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. अ जीवनसत्त्वाअभावी नाकातोंडाचं आणि श्वासमार्गाचं अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना वाट मिळते. म्हणून खुराकाचा निम्मा भाग पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या), पाव भाग दाणे आणि उरलेल्यात किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. सूर्यफुलाचे दिवसाला पाच-सहा दाणे, तेही हातावर येण्याचं बक्षीस म्हणून. पेलेटवर एकदम नेऊ नका. अनोळखी गोळी त्याला अन्न वाटतच नाही, आणि तो भरल्या वाटीपुढे उपाशी राहतो. चार ते आठ आठवडे घ्या, आणि या काळात काट्याला सुट्टी देऊ नका.

ऑस्ट्रेलियात हा पक्षी ज्वारीच्या शेतात उतरतो आणि वाळलेल्या दाण्यापेक्षा कोवळा, दुधाळ दाणा पसंत करतो. आपल्या भाषेत, त्याला हुरडा आवडतो. माण-खटाव किंवा जतकडून फवारणी न झालेलं कणीस मिळालं तर जरूर द्या. ज्वारीचा कोवळा पाला मात्र नको. जनावरांना किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते ती त्यातल्याच सायनाइडमुळे. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण हे कधीच नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेकडे, कोयना-महाबळेश्वरच्या पट्ट्यात, जुलै-ऑगस्टमध्ये दाण्याला बुरशी धरते. तिचे कण फुप्फुसात बसतात, आणि खवट शेंगदाण्यातलं बुरशीचं विष यकृत बिघडवतं. पावसाळ्यात दाणे पंधरा दिवसांपुरतेच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुबट वास आला की फेकून द्या. सांगलीत अडचण उलटी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले, असा दिसला की सावलीत हलवा, साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. बर्फाचं पाणी नको.

हवेबाबत तडजोड नाही. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि श्वास घेताना तसाच सोडतानाही प्राणवायू शोषला जातो. उडण्यासाठी हे उत्तम. पण विषारी धूरही तितक्याच तत्परतेने आत जातो. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून अति तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, पक्षी काही मिनिटांत मरतो. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवायचाच नाही. उन्हाळ्यात चटणीसाठी मिरच्या भाजायच्या दिवशी तर घराच्या दुसऱ्या टोकाला न्या. डासांची कॉइलही नको.

९० ग्रॅमच्या अंगात रक्त सुमारे ९ मिलिलिटर. दोन चमचेही नाही. कॉकटिएल अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे: रात्री वीज गेली, फटाका वाजला, पाल सरकली, की धडपड सुरू. उगवतं पीस मोडलं तर त्याच्या नळीतून रक्त वाहतं. जखमेवर कॉर्नफ्लोर दाबून पाच मिनिटं धरा. थांबलं नाही तर डॉक्टर. खोलीत मंद दिवा ठेवला तर हा प्रकार बराच कमी होतो.

मादीचं गणित वेगळं. तिचं एक अंडं साधारण ५ ग्रॅमचं, आणि ती नराविनाही चार ते सात अंडी घालते. म्हणजे अंगाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, दोन आठवड्यांत बाहेर. कवचाचं कॅल्शियम खुराकातून आलं नाही तर हाडांतून जातं, मग अंडं अडतं. मादी तळाशी बसून कुंथते, शेपूट खालीवर हलते. ही तातडीची वेळ. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम अडकवा. कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते बनवणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, त्यामुळे सकाळचं ऊन उघड्यावर, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून, वीस-तीस मिनिटं. मांजराकडे आणि शिक्र्याकडे लक्ष असू द्या. अंडी वारंवार येत असतील तर खोकी आणि फडक्यांचे कोपरे काढून टाका, संध्याकाळी लवकर अंधार करा.

पिंजरा लांबी-उंचीला निदान दोन फूट, रुंदीला दीड, सळ्यांमधली फट दीड सेंटिमीटरच्या आत. वेल्डिंगवाल्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) जाळीचा करून घेतला तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरा. सुटलेलं जस्त चोचीतून पोटात जातं आणि विषबाधा होते. दांड्या पेरूच्या फांदीच्या, कमीजास्त जाडीच्या. कण्हेरीची फांदी चुकूनही नको.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात पक्ष्यांचा अनुभव असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. नेताना छोटं, हवेशीर खोकं, तळाशी खडबडीत फडकं, वाटेत ऊब. त्या दिवशीच्या विष्ठेचा कागद आणि महिनाभराच्या वजनांचं पान सोबत घ्या.