बुटका हायब्रिड टी गुलाब (ठाणे व नवी मुंबईच्या घरबागेत)

हायब्रिड टी हा बागायती गुलाबांचा एक गट. सरळ दांड्यावर एकेकटे येणारे मोठे फूल, मधोमध उंच राहून कडेने मागे वळत जाणाऱ्या पाकळ्या आणि वर्षात पुन्हापुन्हा येणारा बहर ही त्याची ओळख. या गटातल्या बऱ्याच जाती चार-पाच फूट वाढतात. ज्या अडीच-तीन फुटांवर थांबतात आणि अंगाने दाट राहतात, त्यांना बुटक्या म्हणतात. खिडकीची ग्रिल, गच्चीचा कोपरा किंवा रो-हाऊसपुढचे चार पावलांचे अंगण, एवढीच जागा असलेल्या घरांना त्याच सोयीच्या पडतात. रोपवाटिकेत यांना ‘कलमी गुलाब’ किंवा ‘इंग्लिश गुलाब’ म्हणून विकतात. गुलकंदाचा गावठी गुलाब आणि बारीक फुलांचा बटन गुलाब हे वेगळे. फुलवाल्याकडचा डच गुलाब बहुधा याच घराण्यातला, पण पॉलिहाऊसच्या आडोशासाठी निवडलेला. उघड्यावर, कोकणच्या पावसात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

ठाणे–बेलापूर पट्ट्यात या झाडाची कसोटी पावसाळ्यात लागते. जूनमध्ये असलेल्या पानांपैकी सप्टेंबरअखेर झाडावर किती उरली, यावर डिसेंबरातली फुले ठरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेला बेतलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि या नोंदीत जोर आहे तो याच फरकावर.

पूर्वपीठिका : फ्रान्समधील ल्यों येथील झां-बाप्तिस्त गियो यांनी १८६७ साली ‘ला फ्रान्स’ ही गुलाबी जात पुढे आणली. हायब्रिड टी गटाची सुरुवात सामान्यतः तिच्यापासून मोजतात. युरोपातले धिप्पाड ‘हायब्रिड पर्पेच्युअल’ गुलाब आणि चीनमधून तिकडे गेलेले नाजूक ‘टी’ गुलाब यांच्या संकरातून हा गट उभा राहिला. नावातला ‘टी’ त्या चिनी गुलाबांच्या चहासारख्या मानल्या गेलेल्या वासावरून आला. कुंडीत चहाचा चोथा घालण्याशी त्याचा संबंध नाही.

सुरुवातीच्या हायब्रिड टीमध्ये झळझळीत पिवळा रंग नव्हता. तो ल्यों परिसरातच झोसेफ पेर्ने-दुशे यांनी ‘पर्शियन यलो’ या पश्चिम आशियाई गुलाबाशी संकर करून आणला. त्यांची ‘सोलेय दॉर’ ही जात १९०० सालची. रंगाबरोबर त्या कोरड्या मुलखातल्या गुलाबाची एक कमजोरीही पुढच्या पिढ्यांत उतरली : काळ्या ठिपक्यांच्या रोगाला पटकन बळी पडणे. ठाण्यात जुलैत बिनपानांचे उभे असलेले झाड पाहिले आणि त्याचे फूल पिवळे किंवा केशरी असल्याचे कळले, तर नवल वाटू नये. पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याने गडद गुलाबी किंवा लाल जातीपासून सुरुवात करावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. ‘ग्लॅडिएटर’ ही लाल-गुलाबी जात महाराष्ट्रात वर्षानुवर्षे टिकली ती उगाच नव्हे. मात्र ती उंच जाते, म्हणून तिला गच्ची हवी.

भारतात या फुलाला मोठा आधार मिळाला तो बी. पी. पाल यांचा. गव्हावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले पाल गुलाबांच्या नव्या जातीही तयार करीत.

जागा आणि ऊन : गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस इथे शून्य सावलीचे दिवस येतात; त्या दोहोंच्या दरम्यान दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन जवळजवळ शिरतच नाही. ऑक्टोबरपासून तो दक्षिणेला कलतो आणि संक्रांतीपर्यंत तीच बाल्कनी भरून ऊन घेते. गुलाबाचा हंगामही नेमका तोच. त्यामुळे मे महिन्यात अंधारी वाटणारी दक्षिण बाजू नाकारण्याची चूक करू नये. पूर्वेचे ऊन त्याहून चांगले, कारण ते रात्रीचा ओलावा पानांवरून सकाळीच उचलते. पश्चिमेला ऑक्टोबर आणि मार्चच्या दुपारी कोवळे फुटवे करपतात. उत्तरेला गुलाब लावू नये.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या बैठ्या वस्तीत जमिनीत झाड लावण्याइतके अंगण मिळते. बाकी बहुतेकांना कुंडीच. बारा इंची कुंडी माती आणि पाण्यासकट पंधरा-वीस किलो भरते. ग्रिलवर सहा कुंड्या ओळीने मांडण्याआधी हा हिशेब करावा. खालच्या घराच्या खिडकीवर पाणी ठिबकू लागले की सोसायटीत तक्रार आलीच.

रोप आणि माती : रोप घोडबंदर रोडवरच्या रोपवाटिकेतून आणले काय किंवा नवी मुंबईतून, ते बहुधा घाटावरून आलेले असते आणि काळ्या पिशवीत चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात बसवलेले असते. नवशिक्यांची बरीच रोपे या गोळ्यामुळेच मरतात. तो हातात घेऊन पाहावा : वरून सुकलेला, दाबला तर दगडासारखा, आणि फोडला तर आत ओला गार. बाहेरच्या हलक्या मातीतून पाणी निघून जाते, गोळा मात्र पाणी धरून बसतो आणि मुळे आतल्या आत कुजतात. पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि सुटेल तेवढी चिकण माती बोटांनी अलगद सोडवावी. मुळे तोडून नव्हे. हे काम नोव्हेंबरात निभावते. जुलैत रोप आणण्याचा मोह आवरावा.

दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण इथे मानवते. नुसत्या कोकोपीटवर भर देऊ नये, पावसाळ्यात ते स्पंज होते. डोळा भरलेली गाठ, म्हणजे खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या खालच्या झाडावर) कलमाचा सांधा, मातीच्या दोन बोटे वर राहिली पाहिजे. थंड देशांत ती बर्फापासून वाचवण्यासाठी पुरतात. आपल्याकडे पुरली तर कुजते.

गाठीच्या खालून निघणारा फुटवा खुंटाचा असतो. त्याची पाने फिकट आणि बारीक दिसतात, तो सरसर वाढतो आणि कलमाचे अन्न खातो. ‘पाच पानांचा खरा, सात पानांचा खोटा’ ही सांगोवांगीची खूण फसवी आहे, कारण चांगल्या जातींवरही सात पर्णिकांची पाने येतात. फुटवा कुठून निघाला, तेच माती बाजूला करून पाहावे आणि तो मुळाशी ओढून काढावा. वरून कापला तर दुप्पट फुटतो.

पावसाळा : ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. काळे ठिपके पाडणारी बुरशी पानात शिरण्यासाठी पान सलग सात-आठ तास ओले असावे लागते. कोरड्या मुलखात तेवढी संधी तिला क्वचित मिळते. इथे जुलैत पान दोन-दोन दिवस वाळत नाही. रोग मुख्यतः उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, म्हणून पहिले ठिपके मातीजवळच्या पानांवर दिसतात. ठिपका नीट पाहिला तर त्याची कड सरळ नसते, झालरीसारखी फुटलेली असते. भोवती पान पिवळे पडते आणि बोट लावताच देठापासून गळते.

पान गळले की झाड खोडात साठवलेले अन्न खर्चून नवे पान काढते, तेही गळते. दोन-तीन वेळा असे झाले की खोड रिकामे होते, आणि ऑक्टोबरात छाटणी केल्यावर फांदी कापल्या टोकापासून काळी पडत खाली वाळत येते. ही शेंडेमर पुष्कळ जण छाटणीच्या माथी मारतात. तिचे मूळ जुलैत असते.

म्हणून पहिला पाऊस येण्याआधीच कुंड्या छज्जाखाली, पण उजेडात घ्याव्यात, एकमेकींपासून हातभर दूर. कुंडीखालची ताटली काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर उचलावी. तळची वीतभर पाने जूनच्या सुरुवातीलाच खुडावीत, ठिपके पडलेले प्रत्येक पान उचलून कचऱ्यात द्यावे, कुंडीत कुजू देऊ नये. उघडीप मिळेल त्या दिवशी मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, हातमोजे घालून, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे. ते आधी फवारले तर संरक्षण देते, पडलेले ठिपके पुसत नाही. निंबोळी तेल मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी ठीक. काळ्या ठिपक्यांवर त्याच्या भरवशावर राहू नये. या चार महिन्यांत खत नाही आणि मोठी छाटणीही नाही. कळ्या आल्या तर त्या बहुधा न उमलता तपकिरी होतात, त्या खुडून टाकाव्यात.

छाटणी आणि बहर : दसऱ्याला छाटणी करण्याची रीत घाटावरची. मुंबई–ठाण्यातून पाऊस माघार घेतो तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि दसरा लवकर आला तर छाटलेल्या टोकांवर सरी पडतात. कोजागिरी होऊ द्यावी, सलग आठवडा कोरडा जाऊ द्यावा, मग कात्री हातात घ्यावी. धारदार कात्री डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुसावी. वाळक्या, बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात, उरलेल्या तीन-चार जोमदार फांद्या सुमारे फूटभर ठेवून बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरक्या कापाव्यात. कापल्या जागी मधला गर पाहावा. पांढरा-हिरवट असला तर थांबावे, तपकिरी असला तर आणखी खाली जावे. टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. ती नसेल तर लोक हळद लावतात.

छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फुले येतात. त्या काळात दर पंधरवड्याला शेंगदाणा पेंडीचे आंबवलेले पाणी कोऱ्या चहाइतके पातळ करून द्यावे. चहापावडर घालायचीच तर दूध-साखर धुऊन, नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कळी सावकाश उमलते, म्हणून फूल मोठे आणि रंग गहिरा. ‘डबल डिलाइट’ या जातीत तर पांढरट पाकळीची कड उन्हातल्या अतिनील किरणांनी लाल होत जाते. उघड्या गच्चीवर ती दोन दिवसांत रंगते आणि काचेआड फिकीच राहते. फूल कापताना खाली पाच पर्णिकांची दोन पाने राखावीत, म्हणजे पुढचा दांडा सशक्त येतो.

मार्चनंतर फुले लहान होतात आणि पानांमागे लाल कोळी ही बारीक कीड येते. पान उलटून अंगठा फिरवला की बोटाला तांबूस पूड लागते. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. सूर्यास्तानंतर मात्र पाने भिजवू नयेत. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात झाड कुंडीतून काढून कडेची गुंडाळलेली मुळे आणि बोटभर माती कापून नवे मिश्रण भरावे. त्या वर्षीचा पहिला बहर जरा उशिरा, संक्रांतीच्या सुमारास येतो.