शिन्शू सोबा
शिन्शू सोबा : जपानच्या नागानो प्रांतात कुट्टूच्या, म्हणजेच बकव्हीटच्या, पिठापासून करतात त्या नूडल्स. शिन्शू हे या डोंगराळ मुलखाचे जुने नाव. कुट्टू धान्यासारखा वापरला जात असला, तरी तो गव्हा-भाताच्या तृणकुळातला नव्हे. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे. थंड हवा आणि हलकी जमीन त्याला चालते, आणि पेरल्यापासून सुमारे अडीच महिन्यांत तो हाती येतो. भात धड न पिकणाऱ्या उंचावरच्या गावांना त्याचा मोठा आधार होता.

पीठ मळून, लाटून, सुरीने बारीक कापायची पद्धत म्हणजे ‘सोबाकिरी’. तिचा आजवर सापडलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख याच प्रांतातला : किसो खोऱ्यातील जोशोजी या बौद्ध मंदिराच्या १५७४ सालच्या नोंदीत तो येतो.

कुट्टूत ग्लुटेन नसते. त्यामुळे कणीक चिवट होत नाही, लाटताना चिरते. प्रत्येक मुलखाने यावर जवळच्याच वस्तूतून उपाय काढला, आणि सोबाच्या प्रादेशिक प्रकारांतले सर्वांत विलक्षण तेच. आठ भाग कुट्टूला दोन भाग गहू हे प्रमाण सर्वत्र चालते. पण इइयामाजवळच्या तोमिकुरात ओयामाबोकुची या रानवनस्पतीच्या पानांतले तंतू पिठात मिसळतात. शेजारच्या निईगातात विणकर सुताला फुनोरी या समुद्री शेवाळाची खळ देत. तेच शेवाळ तिथल्या हेगी सोबात गेले. त्याने सोबा गुळगुळीत होतो आणि दाताखाली छान ताण देतो.

तोगाकुशी हे डोंगरातले तीर्थक्षेत्र. तिथे थंड सोबाच्या लहान लहान जुड्या, पाणी पुरते न निथळवता, बांबूच्या गोल टोपलीत मांडतात. टोपल्याही गावातच विणलेल्या. सोबत स्थानिक तिखट मुळा किसून देतात. याच प्रांतातल्या ताकातोत अशाच मुळ्याच्या रसात भाजलेला मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, कालवून त्यात सोबा बुडवून खातात. ताकातोचा सरदार होशिना मासायुकी पुढे ईशान्य जपानातल्या यामागाताला आणि १६४३ मध्ये तिकडच्याच आइझूला गेला. आइझूत आजही ‘ताकातो सोबा’ मिळतो. हिवाळ्यासाठी मात्र नागावाचा तोजी सोबा खास. लांब दांड्याच्या चिमुकल्या टोपलीत सोबा घेऊन अळंबी आणि भाज्यांच्या उकळत्या रश्श्यात बुचकळायचा, की लगेच वाटीत.

ताटातल्या बाकीच्या गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात. बर्फ वितळले की रानातले कोवळे कोंब आणि कळ्या तळून तेम्पुरा होतो, शरदात अळंबी येते. नव्या पिकाचा ‘शिन-सोबा’ही शरदातलाच, तो किंचित हिरवट आणि फार सुवासिक असतो. त्याची चव घ्यायची तर पहिले दोन-चार घास, सोबा एरवी ज्यात बुडवून खातात त्या सॉसशिवाय खावेत. जेवणाअखेर सोबा उकडलेले गढूळसर पाणी, ‘सोबायू’, उरलेल्या सॉसमध्ये ओतून पितात.

आज जपानमध्ये सर्वाधिक कुट्टू उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर पिकतो, आणि परदेशातूनही पुष्कळ येतो. म्हणून शिन्शूच्या नावाने विकला जाणारा सगळाच सोबा तिथल्या शेतातला नसतो. पीठ कुठले, हे दुकानात विचारून घ्यावे.