युकुलेलेची नवी तार आठवडाभर का उतरते?

"पीस डिफेक्टिव्ह आहे, सूर टिकत नाही." युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, ऑनलाइन मागवणाऱ्यांची ही तक्रार इतक्यांदा कानावर आली की शेवटी लिहायलाच बसलो. आमच्या नाशिकमध्ये इंदिरानगर, गंगापूर रोड भागात कॉलेजची मुलं आणि रिटायर झालेले काका-काकू, दोघंही हल्ली यूट्यूब बघून हे वाद्य शिकताहेत. सकाळी ॲप लावून तारा सुरात आणाव्यात आणि दुपारी वाद्य हातात घ्यावं, तर चारही उतरलेल्या! बहुतेक वेळा वाद्य चांगलंच असतं. खोडी असते ती तारांच्या नायलॉनची.

१८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर आणि सुतार हवाईतल्या होनोलुलूला उतरले. त्यांच्यासोबतच्या छोट्या तंतुवाद्यांतून तिथे युकुलेले घडलं. तेव्हा त्यावर आतड्याची तात असे. नायलॉन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत जन्मलं आणि पुढे तातीच्या जागी आलं.

पेटी येणाऱ्याला युकुलेले पटकन कळेल. पांढरी एकला सा धरा: वाद्य हातात घेतल्यावर वरून खाली चार तारा म्हणजे प, सा, ग, ध. पहिला प मंद्रातला नाही, मध्य सप्तकातलाच. भूपाचे चार सूर न दाबताच मिळाले. रे हवा तर सा च्या तारेवर दुसरी फ्रेट, म्हणजे गळ्यावरची आडवी पट्टी, दाबा. अनामिकेने ध च्या तारेची तिसरी फ्रेट दाबली की वरचा सा लागतो आणि चारही तारा एकत्र छेडल्या की पहिला कॉर्ड, सी, वाजतो.

आता तारेकडे. लहान, म्हणजे सोप्रानो युकुलेलेची ध ची तार सेकंदाला ४४० वेळा थरथरायची तर तिला साधारण तीन-साडेतीन किलोची ओढ लागते. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हे शाळेत झालंय. ताण ११ टक्के घटला की सूर बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतो. या ओढीला जेमतेम ३५ सेंटिमीटरची नायलॉनची तार सुमारे एक सेंटिमीटर ताणलेली असते. म्हणजे खुंटीशी किंवा गाठीशी एखादा मिलिमीटर सैल पडला, तरी ध चा कोमल ध होतो.

पण गाठ घट्ट असूनही तार उतरतेच, आणि मला आवडणारा भाग हा. नायलॉनचे रेणू लांबच लांब साखळ्या असतात. काही भागांत त्या शिस्तीत रचलेल्या, बाकी ठिकाणी वाडग्यातल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या. शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. उष्णतेने रेणू सतत थरथरत असतात, त्यात एखादा बंध सुटतो, साखळी ओढीच्या दिशेला किंचित सरकते आणि नव्या जागी बंध पुन्हा जुळतो. तारेची टोकं बांधलेली, त्यामुळे लांबी तीच राहते. पण ती लांबी राखायला आता कमी ओढ पुरते. ताण गेला, सूर गेला.

सैल बंध आधी सुटतात, चिवट बंध वेळ घेतात. त्यामुळे घट काळाच्या लॉगॅरिदमच्या मागे चालते. ढोबळमानाने, पहिल्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत जेवढी घट, तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, तेवढीच पुढे हजाराव्यापर्यंत. हजार मिनिटं म्हणजे सुमारे १७ तास. दहा हजार म्हणजे जवळजवळ एक आठवडा. त्यापुढे तेवढंच उतरायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो! वादक म्हणतात "आठवड्यात तार बसते", त्यामागे हे गणित आहे. अर्थात आपण रोज खुंटी पिळून पुन्हा ताण देतो, म्हणून प्रत्यक्षातला आलेख इतका सरळ येत नाही.

पोलाद नायलॉनच्या पन्नासपटीहून जास्त ताठ. पोलादी तार अशी सरकत नाही, पण ती ताणलीच जाते इतकी थोडी की मिलिमीटरभर ढिलाईने सूर पार कोसळतो. नायलॉन हळूहळू उतरतं, पण बारीकसारीक चुका पोटात घालतं. शिकाऊ बोटांना ते सोयीचं.

ॲपमध्ये ४४० हर्ट्झच्या जागी ४३२ निवडलं की "विश्वाशी सूर जुळतो", असे व्हिडिओ फिरतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद तर माणसाने दिवसाचे ८६,४०० तुकडे करून ठरवला. विश्वाला त्याचं काय? आपल्याकडे गवई गळ्याला मानवेल तो सा धरतात, काळी एक असो की पांढरी चार, आणि कुणाचंही चक्र बिघडत नाही.

एक प्रयोग करा. तार गळ्याच्या वरच्या पट्टीवरून जिथे जाते, नेमका तिथे स्केचपेनने ठिपका द्या. रोज तार सुरात लावा. ठिपका खुंटीकडे सरकताना दिसेल, आधी भराभर, मग कूर्मगतीने. घाई असेल तर तार मधोमध धरून हलकेच बाहेर ओढा, सोडा, पुन्हा लावा. नखाने मात्र ओढू नका.

नायलॉन पाणीही शोषतं आणि ओलीने मऊ पडतं. त्यामुळे मे महिन्यात बसलेली तार जूनमध्ये नाशिकला पाऊस लागला की पुन्हा थोडी हलते. फ्लुरोकार्बनच्या तारा पाणी जवळपास पीतच नाहीत. दोन-तीन आठवड्यांनीही एकच तार रोज अर्धा स्वर उतरत असेल, तर रेणूंना सोडा. घोडीमागची गाठ तपासा आणि त्या खुंटीचा स्क्रू पाव फेरा आवळा.