दशांश ट्रक, पूर्ण गुरुत्वाकर्षण

एक दशांश मापाचा रेडिओ-नियंत्रित ट्रक खडबडीत मैदानावर प्रथमच धावताना पाहिला, की तो काहीसा उतावळा वाटतो. उंचवट्यावरून उडी मारून तो इतक्या झटकन खाली येतो आणि आदळल्यावर इतक्या लगबगीने सावरतो, की चित्रफीत कुणीतरी वेग वाढवून दाखवत असावे असा भास होतो. या लगबगीचे कारण मोटरमध्ये शोधून सापडत नाही. ट्रकची लांबी, रुंदी, चाके, स्प्रिंग हे सारे दहा पटींनी लहान करता येते, गुरुत्वाकर्षण मात्र लहान करता येत नाही. दहापट कमी उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पटींनी, कमी वेळ लागतो. म्हणून या ट्रकचे जग आपल्या जगापेक्षा तिपटीहून थोडे अधिक वेगाने चालते. चित्रपटांत लहान प्रतिकृतींची दृश्ये संथ करून दाखवतात, तीही याच कारणाने.

हा छंद आज ज्या रूपात आहे त्याची मुळे जपानमधील शिझुओका आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे सापडतात. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७९ साली सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर ही वाळूत धावणारी मॉडेल सुट्या भागांच्या संचाच्या, म्हणजे किटच्या, स्वरूपात आणली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेडने सोनेरी मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियम चासिसची, म्हणजे सांगाड्याची, आरसी-१० ही गाडी खास शर्यतीसाठी बाजारात आणली. दुकानातील खेळणे आणि हे ट्रक यांतला फरक तेव्हापासून आजवर एकच राहिला आहे. खेळणे बिघडले की टाकून द्यावे लागते. ट्रकचा प्रत्येक स्क्रू मात्र मालकाला सोडवता येतो, आणि बहुधा सोडवावाही लागतो.

वजनाचा हिशेब पाहू. लांबी दहा पटींनी कमी झाली की आकारमान हजार पटींनी कमी होते, त्यामुळे दोन टनांच्या वाहनाची प्रतिकृती दोन किलोंच्या आसपास भरते, आणि प्रत्यक्षातही हे ट्रक दोन ते तीन किलोंचेच असतात. सांध्यांची आणि दांड्यांची ताकद मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरत असल्यामुळे ती शंभर पटींनीच घटते. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने लहान ट्रक दहापट बळकट ठरतो, आणि त्या बळाची त्याला गरजही पडते. समजा, सव्वा मीटर उंचीवरून पडलेला ट्रक शॉकच्या, म्हणजे चाकाजवळच्या धक्का शोषणाऱ्या नळीच्या, चार सेंटिमीटर हालचालीत थांबवायचा आहे. उंची आणि थांबण्याचे अंतर यांचे गुणोत्तर एकतीस येते, म्हणून चासिसला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीसपट धक्का सोसावा लागतो. त्याच उंचीवरून पडलेल्या मोठ्या वाहनाला थांबायला चाळीस सेंटिमीटर मिळतात आणि त्याचा धक्का तीनपटीवर आटोपतो. म्हणजे लहान ट्रकने दहापट बळ मिळवले आणि दहापट धक्क्यात ते खर्चही केले. पण मोठे वाहन साडेबारा मीटरवरून टाकण्याची कुणाची हिंमत होणार नाही, आणि मापाच्या हिशेबाने लहान ट्रकची ती रोजची उडी असते.

बांधणीतील सर्वांत नाजूक आणि माझ्या मते सर्वांत रंजक काम शॉकमध्ये तेल भरण्याचे आहे. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते, पण ती नाहीशी करत नाही, त्यामुळे नुसत्या स्प्रिंगवरचा ट्रक चेंडूसारखा उसळत राहील. शॉकच्या नळीत सिलिकॉन तेल असते आणि त्यातून दोन-तीन बारीक छिद्रे असलेला पिस्टन सरकतो. छिद्रांतून जाताना तेलाला जो विरोध होतो त्यात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. चाक हळू हलले तर तेल सहज वाट काढते. उडीनंतरच्या झटक्यात मात्र छिद्रांतील प्रवाह खळबळतो, विरोध एकदम चढतो आणि शॉक क्षणभर जवळजवळ घट्ट होतो. म्हणून मोठ्या छिद्रांत दाट तेल घालायचे की लहान छिद्रांत पातळ, हा प्रश्न मैदान पाहूनच सुटतो. संथ हालचालीत दोन्ही जोड्या हाताला सारख्याच लागतात, पण आदळताना त्यांचे वागणे वेगळे असते. तेलात हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी तो दाबला जाऊन सगळे गणित बिघडवतो. बुडबुडे वर येण्याची वाट पाहत नळ्या उभ्या ठेवून बसणे हा या छंदातला संयमाचा धडा आहे, आणि मी त्यात पहिल्यांदा नापास झालो होतो. डिफरन्शियलमध्येही, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेतही, सिलिकॉनच असते, पण तिथे त्याची दाटी मधासारखी, हजारो सेंटीस्टोक (दाटपणाचे एकक) ठेवतात, म्हणजे एक चाक हवेत मोकळे फिरू लागले तरी दुसऱ्याचे बळ पूर्ण संपत नाही.

मोटरच्या बाबतीत आकडेमोड सोपी आहे. ३,३०० केव्हीची ब्रशलेस मोटर दर व्होल्टला मिनिटाला ३,३०० फेरे घेते, म्हणून ७.४ व्होल्टच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर ते सुमारे २४,४०० होतात. पिनियनपासून, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या लहान दातेरी चाकापासून, ट्रकच्या चाकापर्यंतचे एकूण गुणोत्तर बारास एक आणि चाकाचा व्यास अकरा सेंटिमीटर धरला, तर वेग ताशी ४२ किलोमीटर येतो, आणि प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडा कमी भरतो. हौशी मंडळी त्याला दहाने गुणून ‘खऱ्या मापात चारशे वीस’ म्हणतात. काळही आखडलेला आहे हे लक्षात घेतले, तर गुणायचे ३.१६ ने, आणि उत्तर येते १३३. वेग वाढवण्यासाठी पिनियनला दोन दात अधिक घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्याचा परिणाम उंच गिअरवर सायकलने घाट चढण्यासारखा होतो. मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि तापलेली चुंबके दुबळी होतात. बोट टेकवता येत नाही इतकी मोटर तापली, तर पिनियन लहान करावे, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत असते.

आता उडीकडे परत येऊ, कारण हवेतही चालकाच्या हाती काहीतरी उरते. जमीन सुटल्यावर ट्रकवर बाहेरून वळण देणारे कोणतेही मोठे बळ नसते, त्यामुळे त्याचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, कायम राहतो. थ्रॉटल दाबून चाके पुढच्या दिशेने अधिक वेगाने फिरवली, तर चासिसला उलट दिशेने फिरावे लागते आणि नाक वर उचलले जाते. ब्रेक दाबला तर चाकांचा संवेग चासिसकडे जातो आणि नाक खाली झुकते. ट्रकची चाके वजनाच्या मानाने मोठी आणि मोटर दणकट असल्यामुळे हा परिणाम ठळक दिसतो. अर्ध्या सेकंदाच्या उडीत हे साधायचे असल्यामुळे नवख्याचे बोट नेहमी उशिरा हलते, आणि ट्रक छपरावर उतरतो.

मुरमाच्या मैदानावर किंवा वाळूत आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे जमीनही दशांश होत नाही. दोन सेंटिमीटरचा खडा या ट्रकला वीस सेंटिमीटरच्या धोंड्यासारखा आडवा येतो. म्हणून टायर मऊ रबराचे असतात आणि त्यांत दाबलेल्या हवेऐवजी स्पंज भरलेला असतो. भुसभुशीत मातीसाठी त्यांवर उंच काटे असतात.

दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर ट्रकची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी आहे. तो पायी चालण्याच्या वेगाने जातो, डिफरन्शियल कायमचे जखडून ठेवतो, आणि चाकांजवळ पितळी वजने लावून आपला गुरुत्वमध्य खाली ओढतो. किती कलल्यावर तो उलटेल हे फक्त चाकांतील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. या गुणोत्तरात लांबी वरही येते आणि खालीही येते, म्हणून ती कटते. घर्षणाचा गुणांकही मापानुसार ढोबळमानाने बदलत नाही. त्यामुळे ज्या कोनात खरी जीप कलंडते, त्याच कोनात तिची नीट तोललेली प्रतिकृतीही कलंडते. चढावर भार मागच्या चाकांवर सरकतो आणि पुढची चाके उचलली जातात. बॅटरी मागून काढून पुढच्या धुऱ्यावर बसवली, तर पुढचे चाक कातळ धरते आणि मघाशी तीनदा हुकलेला चढ ट्रक हळूहळू चढून जातो.