अग्निशमन जवानांवरील उष्णताताण व त्याचे निवारण

संरक्षक पोशाख घालून काम करताना शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर हृदय, रक्ताभिसरण आणि शरीराचे तापमान-नियंत्रण यांवर जो भार पडतो, त्यास उष्णताताण म्हणतात. या ताणाचे कारण केवळ समोरची आग असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचा मोठा वाटा जवानाच्या स्वतःच्या श्रमातून येतो. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास भागाची उष्णताच होते, आणि पोशाख, हेल्मेट, बूट व पाठीवरचा बीए सेट (हवेच्या सिलिंडरचे श्वसनयंत्र) असे 20 किलोंहून अधिक ओझे घेऊन जिना चढताना किंवा पाण्याने भरलेला होज ओढताना ती झपाट्याने साठत जाते.

पोशाखात बाहेरचे ज्वालारोधक कापड, मधला पाणी अडवणारा थर आणि आतले उष्णतारोधक अस्तर असते. बाहेरची धग रोखणारे हेच थर आतली उष्णताही कोंडून ठेवतात. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण भर पावसाळ्यात नागपूरकरांचा कूलर जसा कुचकामी ठरतो, तसाच पोशाखातल्या बाष्पाने भरलेल्या हवेत घाम न वाळता ओघळतो, म्हणजे अंगातले पाणी जाते आणि अंग निवत नाही.

नागपुरात ही अडचण अधिक बिकट होते. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते, त्यामुळे अशा दिवसांत आगीबाहेर उभ्या असलेल्या जवानालाही हवा तापवतच असते. शिवाय बाहेर आल्यावरही शरीराचे आतले तापमान काही मिनिटे चढत राहते. म्हणून जाकीट न काढता बंबाला टेकून उन्हात बसणे ही विश्रांती नव्हेच.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय नव्या कापडात नसून कामाच्या पाळीत आहे. आत गेलेल्या तुकडीला सिलिंडरच्या हिशेबाने बदलावे, सावलीत आणून जाकीट, हातमोजे व हेल्मेट उतरवावे आणि विजार घोट्यापर्यंत खाली सरकवावी. विदर्भातील उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने उघड्या, ओल्या अंगावर पंख्याचा वारा चांगला लागू पडतो. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात मात्र तेवढ्याने भागत नाही. तेव्हा आणि उन्हाळ्यातही, हात कोपरापर्यंत 10 ते 20 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत अधिक भरवशाची आहे. ब्रिटिश नौदलासाठी झालेल्या प्रयोगांत ती उपयुक्त ठरली. तळहातांत रक्तप्रवाह मोठा असल्याने तेथे थंड झालेले रक्त शरीराच्या आतल्या भागात परतते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, तेव्हा टबात बर्फ घालावाच लागतो.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट प्यावे; घाम फार गेला असल्यास जलसंजीवनी किंवा मीठ घातलेले ताक द्यावे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याच्या प्रथेचा येथे काहीही उपयोग नाही. आत जाण्यापूर्वी अंगावर पाणी ओतून घेणेही टाळावे, कारण अस्तरातले पाणी आगीजवळ तापून वाफेने त्वचा भाजू शकते.

भोवळ, मळमळ आणि पोटऱ्यांत गोळे येणे या आधीच्या खुणा होत. बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली आणि शरीराचे तापमान 40 अंशांपलीकडे गेले, तर तो उष्माघात समजून पोशाख उतरवावा, मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवावे किंवा अंगावर सतत थंड पाणी ओतावे. रुग्णवाहिका लगेच बोलवावी, पण थंडावा देणे तिच्यासाठी थांबवू नये.

उष्णतेची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत होते आणि खंड पडल्यास ती उतरते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरात असून तेथे देशभरातून प्रशिक्षणार्थी येतात. थंड प्रदेशातून उन्हाळ्यात आलेल्यांना, तसेच दीर्घ रजेवरून परतलेल्या स्थानिक जवानांना पहिल्या दिवसापासून पूर्ण पोशाखात कवायत न देता, आधी हलक्या कपड्यांत आणि थोड्या वेळासाठी सराव देणे आवश्यक आहे.