फाइल आली, पण कोणाकडून?

एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी आरएफसी ११४ (नेटवर्कच्या नियमांचा एक मसुदा) लिहिला, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा जन्म झाला. भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा ते एमआयटीत होते. आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकीच यंत्रं होती आणि फाइल साठवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्याला वाचता यावी, एवढाच प्रश्न होता. आणणारा कोण, देणारा कोण, याची फार चिंता करायचं कारण नव्हतं. त्यामुळे पासवर्डही तारेवरून उघडाच जायचा.

त्या काळाची एक खूण एफटीपी वापरलेल्यांना आठवत असेल: फाइल उतरवण्याआधी ‘बिन’ (बायनरी, म्हणजे ‘जशीच्या तशी आण’) टाइप करणं. विसरलं तर पलीकडचा प्रोग्राम तिला मजकूर समजून ओळींच्या शेवटची चिन्हं बदलू शकायचा. मग झिप फाइल पूर्ण उतरायची, पण उघडायची नाही.

उघड्या पासवर्डची किंमत पुढे मोजावी लागली. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत बसलं होतं. त्यावर उपाय म्हणून तिथल्याच तातू युलोनेन यांनी दूरच्या यंत्रावर सांकेतिक रूपात लॉगिन करू देणारं एसएसएच लिहिलं. फाइल पाठवायला आज आपण वापरतो ती एससीपी आणि एसएफटीपी त्याच वाटेवरची.

पुढची दोन-तीन वर्षं फाइल आणण्याच्या साधनांच्या दृष्टीने विलक्षण होती. १९९६ मध्ये क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांचं वेबवरून फाइल उतरवणारं डब्ल्यूगेट आलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी दोन यंत्रांवरच्या प्रती सारख्या ठेवणारं आरसिंक आणलं. माझ्या मते या सगळ्यांत डोकेबाज हेच. पलीकडचं यंत्र आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडून त्यांचे चेकसम (तुकड्यातल्या मजकुरावरून काढलेले छोटे आकडे) पाठवतं, अलीकडचं यंत्र ते नव्या फाइलशी ताडून फक्त बदललेला भाग पाठवतं. दोन्ही प्रती एका जागी न आणता फरक कळतो! वेबवरून डेटा आणणाऱ्या कर्लची सुरुवात त्यामानाने साधी: डॅनियल स्टेनबर्ग यांना आयआरसी या चॅट-सेवेवरच्या बॉटसाठी (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामसाठी) चलनांचे दर वेबवरून हवे होते. मार्च १९९८ मध्ये त्यांनी आधीचं नाव बदलून कर्ल प्रसिद्ध केलं.

फाइल आणणं असं सोपं होत गेलं, तरी सॉफ्टवेअर बसवणं अवघडच होतं. टार फाइल (सोर्सकोडचं गाठोडं) सोडायची, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या आज्ञा द्यायच्या. मध्येच एखादी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) नाही म्हणून अडायचं. लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियनचं डीपीकेजी आणि रेड हॅटचं आरपीएम यांनी तयार पॅकेज दिलं, पण ‘आधी अमुक बसवा’ हा तगादा संपला नाही. तो संपवला एपीटीने. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती आलं: काय काय लागेल ते तेच शोधणार, तेच आणणार, क्रमाने बसवणार.

मात्र आणलेलं पॅकेज खरंच डेबियनचं आहे, हे एपीटी स्वतः तपासू लागलं ते २००७ च्या डेबियन ४.० पासून. डेबियनच्या रीलीज फाइलवर डिजिटल सही असते, तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (फाइलचे आकडेरूपी ठसे), आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. या साखळीमुळेच साध्या एचटीटीपी मिररवरूनही (दुसऱ्याने ठेवलेल्या प्रतीवरूनही) पॅकेज निर्धास्त घेता येतं. एफटीपीची गरज तोवर सरत आली होती. डेबियनने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली, क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं.

सही मात्र कोणाची ते सांगते, हेतू सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी पिच्छा पुरवला तेव्हा फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घुसवणारा बाहेरचा नव्हता. बराच काळ काम करून विश्वास मिळवलेला, आवृत्त्या काढण्याचा अधिकार असलेला देखभालकर्ता होता. चोरदरवाजा चालू करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जागी, नव्हतीच, फक्त प्रसिद्ध केलेल्या टार फाइलमध्ये होती. त्यामुळे टार फाइलऐवजी थेट गिटमधल्या सोर्सवरून पॅकेज बांधावं, ही मागणी त्यानंतर वितरणांमध्ये जोरात पुढे आली.