हुमणी आणि सोंड्या भुंगा: रताळी कधी काढावीत?

रताळे किडलेले निघाले की हुमणीला, म्हणजे भुंगेऱ्याच्या मातीतल्या अळीला, दोष द्यायचा आणि जमिनीत कीटकनाशक मिसळायचे, हा सल्ला गोव्यात इतक्या सहजपणे दिला जातो की त्याचा आता उबग आला आहे. सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाल्यावर लावलेल्या रताळ्यांचे मोठे नुकसान बहुधा सोंड्या भुंगा करतो.

हुमणी ऊस-माडवाल्यांच्या परिचयाची आहे. ती मातीत राहते, रताळे बाहेरून कुरतडते आणि सालीवर रुंद, उथळ खड्डे पाडते. तिच्यासाठी खोल नांगरणी करावी आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी झाडांवर जमणारे तिचे प्रौढ भुंगेरे गोळा करावेत.

सोंड्या भुंगा दिसतो मुंगीसारखा: काळपट निळा, मध्ये तांबडा, जेमतेम 6 ते 8 मिलिमीटर लांबीचा. त्याची अळी रताळ्याच्या आत पोखरत वाढते आणि तिथेच कोषात जाते, म्हणून वरून छिद्र लहान दिसले तरी आतला गर विष्ठेने भरून कडू होतो आणि तो माणसांना किंवा गुरांना खायला देऊ नये. खरी मेख पुढे आहे. या भुंग्याला माती उकरता येत नाही. तो वेलाच्या बुडातून किंवा जमिनीला पडलेल्या भेगांतून रताळ्यापर्यंत पोहोचतो. जानेवारीनंतर ओल उतरते, रताळी फुगून वरंबे तडकतात आणि त्याला वाट मिळते. त्यातच त्याची एक पिढी साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरी होत असल्याने तयार पीक जमिनीत जितके रेंगाळेल तितके किडके रताळे वाढत जाते. म्हणूनच काढणीची तारीख येथे औषधाहून मोलाची ठरते, आणि महाशिवरात्रीला चांगला भाव मिळेल म्हणून तयार रताळी शेतातच राखून ठेवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

वाणाप्रमाणे 90 ते 120 दिवसांत पीक तयार होते. एक रताळे कापून पाहावे. कापलेला भाग काळपट-हिरवा न पडता स्वच्छ सुकला तर काढणीस विलंब करू नये. काही कारणाने थांबावेच लागले तर हलके पाणी देऊन भेगा पडू देऊ नयेत. लागवडीनंतर महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी मातीची भर द्यावी. बेण्यासाठी वेलाचे शेंडे घ्यावेत, कारण बुडाकडच्या जुन्या भागात अंडी असू शकतात.

काढणीनंतर किडकी रताळी आणि वेलांची खोडे बांधावर टाकून देण्याची सवय तर फारच घातक आहे, कारण भुंगा त्यांतच पुढची पिढी वाढवतो. ती जाळून टाकावीत. किनाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांनी वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीकडेही लक्ष ठेवावे, कारण रताळ्याच्याच कुळातील त्या वेलीवर हा भुंगा पीक नसतानाही तग धरतो.